वगळलेला निरोप

रहिमतपूर

अहो,

'प्रिय' लिहायला हात धजला नाही. आज तुमचं वर्षश्राद्ध. तुमचा कोट कुणाला तरी द्यावा म्हणून ट्रंक उघडली आणि तळाशी तुमची एक वही सापडली. पाहुणे गेल्यावर सगळी वाचून काढली. म्हणून हे पत्र.

किनाऱ्यावरच्या हवामान कचेरीत तुम्ही जहाजांकडून येणाऱ्या निरोपांवरून समुद्राचा अंदाज काढायचात. कवठे महांकाळला, माझ्या माहेरी, समुद्र कुणी पाहिलासुद्धा नव्हता, पण जावयाचं कोण कौतुक! दुष्काळात माझा भाऊ दत्तू मालवाहू गलबतावर खलाशी झाला, तो तुमच्याच भरवशावर. आठवतं? निघताना दारातून त्यानं विचारलं, "दाजी, समिंदर कसा हाय?" तुम्ही चहा पीत होता. "शांत हाय रं. जा बिनघोर."

गलबत दत्तूसकट बुडालं. तुम्ही मला काय सांगितलंत? "समुद्राचा काय भरवसा!" चार वर्षं मी त्या समुद्राला शिव्या घातल्या हो!

आणि वहीच्या पहिल्याच पानावर, दत्तू निघाला त्या तारखेखाली, तुमच्या सुबक अक्षरात: 'एका जहाजाचा निरोप, लाटा फार उंच. बाकीच्या जहाजांशी जुळत नाही. वगळला.' त्याखाली दोन दिवसांनी: 'निरोप खरा होता.'

एवढंच? दत्तूचं नावसुद्धा नाही?

पुढे मात्र पानंच्या पानं भरलीत. कुठलं जहाज लाट वाढवून सांगतं, कुठलं कमी करून, एकट्या पडलेल्या जहाजाचं म्हणणं किती वेळा खरं निघालं. असा पडताळा घेतला तर अंदाज कमी चुकेल, हे माझ्यासारख्या सातवी पास बाईलाही कळलं. मग साहेबांना वही का दाखवली नाहीत? पहिलं पान दिसलं असतं म्हणून! तुमची अब्रू ट्रंकेत राहिली आणि लोकांचे भाऊ चुकीच्या अंदाजावर समुद्रात जात राहिले. भित्रे होता तुम्ही. तुमच्यासाठी वर्षभर रडले, त्याचा आज मला राग येतोय.

वही बघून तुमचे धाकटे भाऊ म्हणाले, "वैनी, पयलं पान फाडून द्या वही कचेरीला. मेलेल्या माणसाची अब्रू कशापायी घालवायची?"

खोटं कशाला सांगू, पान चिमटीत धरलंही होतं.

पण नाही. सोमवारी मी स्वतः एस.टी.नं निघतेय. वही साहेबांच्या हातात देईन, पहिल्या पानासकट. त्या पानावर दत्तूचं नाव नव्हतं ना? ते मी आत्ताच लिहिलंय.

तुमची बायको म्हणून सही करवत नाही.

दत्तूची बहीण,
सुमन