लार्चच्या राळेचे दोन डबे

क्रेमोना,
३ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. एर्सीलिया हीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र आणि चीज दोन्ही पोचलं. आधी चीज पोचलं म्हणायचं, कारण पोस्टमन खालच्या जिन्यात होता तेव्हाच निवेसनं नाकाला रुमाल लावला. पण खाल्लं सगळं तिनंच. तिचा खोकला कमी आहे. धुकं मात्र कमी नाही. आठवडा झाला, समोरच्या बेकरीवाल्याला मी नुसत्या आवाजावरून ओळखतो आहे. बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. त्यांच्या स्टुलावर मी अजून बसत नाही, त्यावर लाकडं ठेवतो.

आता मुख्य बातमी. मिलानच्या मायेस्त्रो कवालेतींना नवीन व्हायोला हवा आहे. त्यांनी एक मला बनवायला सांगितला आणि एक लेआर्कोला. सप्टेंबरात दोन्ही ऐकून एक घेणार, आणि त्यांच्या चार वादकांच्या चौकडीची पुढची वाद्यंही त्याच हातची. दुसऱ्याचा व्हायोला त्याच्या गळ्यात.

आपला लेआर्को. बाबांनी शिकायला घरात घेतलेला, आईच्या हातची मारुबिनी खाऊन वाढलेला, आणि आता दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान थाटून बसलेला. त्याच्या रोगणाची इतकी स्तुती चालू आहे की न्हाव्याकडे दाढीला गेलो तरी ती ऐकूनच उठावं लागतं. चर्चचा ऑर्गनवाला म्हणाला, लेआर्कोचं व्हायोलिन म्हणजे पेल्यातली मार्साला वाइन. मी म्हटलं, मग पिऊन टाका.

तर मला खरी राळ हवी. इथल्या औषधवाल्याची राळ म्हणजे एक हिस्सा लार्च आणि बाकी काय ते देव जाणे. तिचं रोगण वाळतच नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका व्हायोलिनवर माशी बसली, ती अजून तिथंच आहे. आमच्या मेहुण्यांना, तुलिओला, सांग, वरच्या उतारावरच्या जुन्या लार्च झाडांची, स्वच्छ, मधासारखी पाठव.

डोंगरातल्या थंडीत आमची आठवण गोठू देऊ नकोस, इतकंच मागणं.

तुझा,
दादा


प्रेदाझ्झो,
१२ फेब्रुवारी १९५७

ती. दादास,
एर्सीलियाचा सा. न. वि. वि.

इकडे खिडकीच्या चौकटीपर्यंत बर्फ आहे. तुलिओ ओंडके खाली आणतो आणि घरी आला की बुटांसकट झोपतो. बाकी क्षेम.

राळेचं म्हणशील तर घाई करून झाड ऐकत नाही. तुलिओ वसंतात खोडाला गाभ्यापर्यंत भोक पाडतो, खुंटी ठोकतो आणि विसरून जातो. शरदात खुंटी काढली की आतलं हाती लागतं. गेल्या खेपेचे दोन डबे भरले. त्यातला एक तुझा, या पत्रासोबत निघाला आहे. दुसरा आधीच कबूल केलेला आहे, तेव्हा जपून वापर.

लेआर्कोवर इतका जळू नकोस. लहानपणी बाबांनी त्याच्या हाती ब्रश दिला म्हणून तू जेवण सोडलं होतंस. घरभर काळजी. मग कळलं, आई तुला कोठारात नेऊन गुपचूप सॉसेज भरवते आहे.

तेल कसं मुरवणार आहेस, राळ किती घालणार आहेस, काही विचारायचं असलं तर लिही. मी रिकामीच आहे.

वहिनींना नमस्कार. दूर दिलेल्या बहिणीवरची माया पातळ होऊ नये.

तुझी,
एर्सीलिया


क्रेमोना,
२८ एप्रिल १९५७

चि. एर्सीलियास,
आशीर्वाद.

राळ उत्तम होती. रोगण झालं नाही. आगीच्या भीतीनं गावात उकळायला बंदी, म्हणून निवेसच्या भावाच्या आवारात, पो नदीच्या काठावर चूल मांडली. पहिला घाणा नाताळातल्या तोरोनेच्या वडीसारखा कडक झाला. दुसरा इतका पातळ की व्हायोलाच्या कडांवरून ओघळला आणि सुरकुतला. सगळं खरवडून काढलं. राळ चांगली, हात माझा, तेव्हा दोष हवेचाच असणार.

पण लिहायचं कारण ते नाही. परवा लेआर्कोच्या दुकानावरून जात होतो. सहज. मागच्या बाजूनं. त्याच्या टेबलावर एक डबा पाहिला. तोंडाला करड्या लोकरीचं फडकं आणि वर गाठ. तशी गाठ साऱ्या इटलीत तू एकटी मारतेस, सुरी घेतल्याशिवाय सुटत नाही. शेजारी त्याचा व्हायोला टांगलेला होता. रंगाबद्दल मी काही लिहिणार नाही.

मी आत जाऊन त्याला विचारलं नाही. त्याला तेवढा आनंद देण्याची माझी तयारी नव्हती. तुला विचारतो. बाबा त्याचे होते, गाव त्याचं आहे, आता बहीणही त्याचीच का? येत्या शरदातली सगळी राळ माझ्याकडे यायला हवी. त्याला एक थेंबही नको.

दादा


प्रेदाझ्झो,
६ मे १९५७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हो, दुसरा डबा लेआर्कोचाच. लपवायचं असतं तर गाठ बदलली असती.

बाबांना पुरून महिना झाला नव्हता तेव्हा तो बसनं इथवर आला. ओला होऊन आला होता. पोलेंता खाल्ली, तुलिओबरोबर झाडं पाहून आला आणि मग चुलीपाशी बसून त्यानं विचारलं की बाबा रोगण कसं उकळायचे, ते मला आठवतं का. दादा, मला आठवतं. तू रंधा धरायचास तेव्हा मी कढईपाशी उभी असायची. सगळे पाटीच्या दगडावर थेंब टाकून बोटानं तार ओढून बघतात, पाकाची बघावी तशी. बाबा तारेवर विसंबत नसत. तेलाचा हिरवट वास जाऊन भाजक्या चेस्टनटसारखा वास यायला लागला की ते मला खूण करायचे, आणि मी कढई उतरवायची. पुढे पुढे खूणही करेनासे झाले. मीच उतरवायची.

हे मी लेआर्कोला सांगितलं, कारण त्यानं विचारलं. तुला मागच्या पत्रात मी विचार म्हणून लिहिलं होतं. तू हवेला दोष दिलास.

जळण्याचं म्हणतोस तर मीही जळते. तुला दुकान मिळालं, मला पेटीभर चादरी. तू वाद्य बिघडवलंस तरी कारागीर, मी रोगण साधलं तरी तुलिओची बायको. लेआर्को माझ्या स्वयंपाकघरात बसून मी बोलत होते ते मन लावून ऐकत होता, तेव्हा मला काय वाटलं ते लिहीत नाही. दोघांनाही राळ मिळेल, सारखी.

राग मनात साठवू नये, ओकून टाकावा.

एर्सीलिया


क्रेमोना,
९ जुलै १९५७

सौ. एर्सीलिया वन्सं यांस,
निवेसचा नमस्कार वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुमच्या पत्रानंतर हे फार कमी बोलतात. व्हायोलावरचं रोगण दुसऱ्यांदा खरवडून काढलं आहे. लाकूड आता अंगावरचा शर्ट काढलेल्या माणसासारखं दिसतं.

त्यात एक वाईट गोष्ट झाली. चौकातल्या बारमध्ये कुणी तरी लेआर्कोच्या रंगाचं कौतुक केलं, तेव्हा हे म्हणाले की तो उकळत-बिकळत काही नाही, फर्निचरवाल्यांकडून तयार डबा आणतो आणि त्यात मंजिष्ठेचा रंग कालवतो. इथं बोललेलं मिलानला पोचायला किती वेळ लागतो. मायेस्त्रोंनी लेआर्कोला दोन ओळींत कळवलं की व्हायोला पाठवण्याची तसदी घेऊ नये.

लेआर्को आमच्या दुकानाच्या दारात आला होता. मी जिन्यावर होते. रागानं नाही बोलला. असं कोण बोललं ते तुमच्या कानावर आलं आहे का, एवढंच त्यानं ह्यांना विचारलं. ह्यांनी रंध्यावरची नजर उचलली नाही. आपण काहीच ऐकलं नाही म्हणाले. तो ठीक आहे म्हणून गेला. त्याला ठाऊक होतं, वन्सं. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आता मैदान मोकळं आहे, आणि हे जेवत नाहीत. या वेळी मी कोठारात जाऊन पाहिलं, खरंच जेवत नाहीत. माणूस वाईट नाही हे तुम्ही जाणता. पण मला ह्यांच्याशी एका टेबलावर बसवत नाही. तुमचं ऐकतील तर तुमचंच.

लवकर लिहावं. वाट बघते.

निवेस


प्रेदाझ्झो,
१४ जुलै १९५७

ती. दादास,
सा. न.

वहिनींवर डोळे वटारू नकोस. मला कळलं ते बरं झालं.

माझी राळ, माझा शब्द आणि लेआर्कोची मेहनत, तिन्हींना तू बारमध्ये बसून खोटं पाडलंस. फर्निचरवाल्यांचा डबा म्हणे. माझ्या डब्याला.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी क्रेमोनाला येते आहे. तुलिओ आठवडाभर चुलीचं बघेल, जळकं खाईल. मी येण्याआधी तू मिलानला जायचंस, मायेस्त्रोंसमोर उभं राहायचं आणि जे बोललास ते खोटं होतं असं आपल्या तोंडानं सांगायचं. पत्रानं नाही. तू गेला असलास तर मी नदीकाठी उभी राहून तुझं रोगण उकळून देईन. गेला नसलास तर स्टेशनवरून सरळ लेआर्कोकडे जाईन, त्याच्या दुकानासाठी वर्षभराचं उकळीन आणि तुझ्या दाराशी न येता परत जाईन.

यापुढे तुला काय म्हणून पत्र लिहायचं, ते तुझ्या हातात.

एर्सीलिया


क्रेमोना,
२९ सप्टेंबर १९५७

चि. सौ. एर्सीलियास,
अनेक आशीर्वाद.

निकाल लागला. लेआर्कोचा व्हायोला घेतला. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

मिलानची हकीकत तू इथं होतीस तेव्हा तुला सांगितली नाही; गेलो होतो एवढंच म्हणालो, आणि तूही खोदून विचारलं नाहीस. मायेस्त्रोंच्या दिवाणखान्यात मी टोपी हातात धरून उभा होतो. सगळं बोलून टाकलं. ते म्हणाले, असं कबूल करायला इतक्या लांब येणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, असं खोटं पसरवणारे मात्र बरेच पाहिले होते. लेआर्कोला व्हायोला पाठवा म्हणून कळवतो म्हणाले, पण जाताना हात दिला नाही. परत आल्यावर लेआर्कोकडे गेलो. त्याला काय सांगावं ते ट्रेनमध्ये जुळवत आलो होतो, पण त्यानं मला बोलूच दिलं नाही. कॉफी घेणार का म्हणाला. इतकी कडू कॉफी मी जन्मात प्यायलो नाही, आणि त्यानं साखर पुढे केली नाही.

काल मिलानला दोन्ही व्हायोला ऐकले. मायेस्त्रो आणि चौकडीतले दोघे भिंतीकडे तोंड करून बसले, चौथ्यानं आधी एक वाजवला, मग दुसरा, मग पुन्हा. कुणाचा कुठला ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण मला पहिल्याच स्वराला कळलं. त्याच्या खालच्या तारेला खोली आहे. माझी तार नाकातून बोलते. म्हणजे बघ, लेआर्को आणि मी वर्षभर रंगामागे लागलो होतो, आणि निवड झाली तेव्हा रंगाकडे सगळ्यांची पाठ होती.

नंतर मायेस्त्रोंनी माझा व्हायोला खिडकीशी नेला. उन्हात फिरवला, अंगठ्यानं कड चाचपली. असं रोगण लहानपणी आजोबांच्या वाद्यावर पाहिलं होतं, म्हणाले. लेआर्कोचं चांगलं आहे, पण हे वेगळं आहे. लेआर्कोही जवळ आला, पाहिलं आणि मान डोलावली. माझ्या हातच्या वाद्याला पहिल्यांदाच कुणी सुंदर म्हटलं, आणि ते सुंदरपण माझं नव्हतं. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. तोंड उघडायला मला जड गेलं हे तुला खरं सांगतो. पण सांगितलं. म्हटलं, हे माझ्या बहिणीनं उकळलं आहे, प्रेदाझ्झोच्या. त्यांनी तुझा पत्ता मागून घेतला. मी दिला, आणि परतीच्या वाटेवर तुझ्यावर जळत आलो. लेआर्कोची मला सवय होती. तुझी नव्हती.

व्हायोला पार्माच्या एका शिक्षिकेनं नेला, तिला रंग आवडला. निवेस माझ्याशी एका टेबलावर बसते आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येशील का? या वेळी कढईपाशी मलाही उभं राहू दे. वासाचं तू सांगितलंस ते पत्र वाचून मला साधलं नाही, नाक बाबांचं मिळालं नाही म्हणायचं. बाकीच्यांना रोगण देणार असशील तर दे, पण आधी मला दे. भाऊ म्हणून एवढा हक्क असावा.

तुझ्या मायेचा अजून धनी,
दादा


प्रेदाझ्झो,
१७ ऑक्टोबर १९५७

ती. दादास,
एर्सीलियाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, तुलिओलाही वाचून दाखवलं. तुझी तार नाकातून बोलते या वाक्याला तो इतका हसला की मला राग आला. मिलानला उभा राहिलास ते लिहिलंस, बरं केलंस. मी विचारणार नव्हते.

मायेस्त्रोंनी माझा पत्ता नुसता घेतला नाही, वाटलाही. बोलोन्याच्या एका वाद्यकाराचं पत्र आलं. त्याआधी लेआर्कोचं आलं होतं. त्यानं आता नुसती राळ नको, तयार रोगणच हवं म्हणून लिहिलं आहे, कारण तुझा व्हायोला पाहिल्यापासून त्याला झोप नाही. तेव्हा तिकडेही कुणी तरी तुझ्यावर जळतं आहे. तुला बरं वाटावं म्हणून कळवते.

क्रेमोनाला मी येणार नाही, तुला शिकायचं तर तू ये. तुलिओनं गोठ्यामागे छप्पर घातलं आहे, चूल बांधली आहे. या वेळी झाडांनी भरभरून दिलं. वसंतात पहिला घाणा लेआर्कोचा, दुसरा बोलोन्याचा, तिसरा तुझा. ज्या क्रमानं मागणी आली तो क्रम. तुझा घाणा असेल तेव्हा इथं येऊन कढईपाशी उभा राहा, मी वास दाखवीन. आला तर आला.

डब्यांवर नाव काय घालायचं म्हणून तुलिओनं विचारलं. बाबांचं घाल, सगळे ओळखतात, असं त्याचं म्हणणं. वहिनींनीही तेच लिहिलं आहे, आणि तुलाही तेच वाटेल हे मी जाणते. मी माझं घातलं.

वहिनींना नमस्कार, त्यांच्या खोकल्याला मध पाठवते आहे. तुझ्या आशीर्वादात मला कुणाच्या मागे उभं करू नकोस.

तुझी,
एर्सीलिया