मधल्या कणसांना चिंध्या

आई, ज्वारी भरली. हे आधी सांगते, बाकीचं मागाहून. टेकाडाकडच्या ज्या एकराला पाणी कधी पोचलं नाही, तिथे कणसं ठासून भरली आहेत आणि सकाळपासून मी उगाचच पुन्हा पुन्हा बांधावर जाऊन येते आहे. जिन्यावरून धावणाऱ्या मुलींना मी आयुष्यभर शाळेत दरडावलं. आज मला कोणी पाहिलं नाही, हे बरं.

तू गेल्यावर धाकट्याने ज्वारी सोडली आणि सगळ्या रानात सोयाबीन पेरलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पाऊस नीट होता तोवर घर त्याच्यावरच चाललं. पण आता पाऊस एकदम कोसळतो आणि मग तोंड दाखवत नाही. गेले दोन हंगाम शेंगा भरायच्या वेळेला रान भेगाळलं, एकरी उतारा दर वर्षी खालीच. माझी नोकरी संपली होती. मेहकरहून पिशवी घेऊन आले आणि त्याला म्हटलं, मला एक एकर दे, आईची ज्वारी लावते. तो हसला. "आईची ज्वारी आता आईपाशीच असंन, ताई." मग टेकाडाकडे बोट केलं. "ते घे. पन बुडाली, तं पुढं माह्यापुढं ज्वारीचं नाव काढू नोको."

बी कुठे असेल ते मला ठाऊक होतं. तू बी कधी विकलं नाहीस. मागेल त्याला पायलीभर द्यायचीस आणि सुगीला सवाई घ्यायचीस, पायलीवर पाव जास्त. नांदुऱ्याकडे लेकीपाशी राहणारी तुझी मैत्रीण तुझं तेच बी कपाशीच्या कडेने लावत आली होती. आता त्यांनी शेती बंद केली आहे. तिने डबा माझ्यापुढे सरकवला. "घेऊन जाय व. तुह्या मायची सवाई द्याची राह्यलीच व्हती. पन जपून, याच्या मांगं दाना नाही." एकच पायली होती. एकराला ती जेमतेम पुरली, मागे मूठभरही ठेवता आलं नाही. ही ज्वारी गेली असती तर तुझं बी कायमचं गेलं असतं.

श्रावणात पाऊस थांबला. सोयाबीनने माना टाकल्या. ज्वारीने पानं गुंडाळून घेतली आणि ती वाट पाहत उभी राहिली. मी रोज जाऊन पाहायची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई, पण मनातल्या मनात चक्क तिला सांगायची, धर. तिने धरलं. पाऊस परत आला, पोटऱ्या फुटून कणसं बाहेर आली, दाण्यात चीक भरला, आणि मग आली पाखरं. हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नजर जाईल तिथवर सोयाबीन आणि मधोमध माझी एकटीची ज्वारी. सगळ्या शिवारातली पाखरं माझ्याकडे जेवायला. धाकटा बांधावरून म्हणाला, "काऊन ताई, पंगत बसवली काय?" दुसऱ्या दिवशी उजाडता जाते तर हा माळा बांधून वर बसलेला, हातात गोफण. मीही चढले. माझा पहिला गोटा त्याच्या कानाजवळून गेला. "तू नुसती वरडत जाय, ताई. शाळेतल्यावानी. गोफन राहू दे." मी ओरडले. पाखरं खरोखर उठली.

असे आम्ही दोघं रोज माळ्यावर बसलो. लहानपणानंतर इतका वेळ आम्ही एकत्र कधी बसलो नव्हतो. काल त्याने एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकलं, दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या साली मी दोन एकर पेरतो. अन् शेजाऱ्यालेही बी देऊ. पाखरं वाटल्या जातीन." आई, तू बी का वाटत फिरायचीस, ते मला काल माळ्यावर कळलं. मी तो निव्वळ तुझा चांगुलपणा समजत होते.

आज बियाची कणसं निवडली. निरोपाला शाळेने दिलेल्या साडीचा लाल काठ फाडून खुणेच्या चिंध्या केल्या. ती साडी मी नेसणार नव्हतेच. कॉलेजच्या सुट्टीत एकदा मी बांधावरच्या जाडजूड कणसाला चिंधी बांधली होती, आठवतं? तू ती सोडून माझ्या हातात दिलीस. "ते लाडाचं हाय. त्याले मोकळं ऊन भेटते, बांधाची ओल भेटते. मधात जाय. गर्दीत उपाशी राहून जे भरलं, त्याले बांध." आज मी थेट मधात गेले. जिथे भेगा अजून दिसतात, तिथली कणसं निवडली. वरून पाहिलं तर रानात लाल ठिपके दिसतात.

हा कागद टाकायला पेटी नाही. बियाच्या डब्यातही तो ठेवणार नाही. तिथे कडुलिंबाचा पालाच बरा. उद्या चुलीत जाईल. फक्त एक सांगायचं राहिलं. एक चिंधी मी बांधावरच्या कणसालाही बांधली आहे. बियाला घेणार नाही, शपथ. ते फार देखणं दिसत होतं, आणि सोडायला तू नव्हतीस.