पार्सल तुमच्या नावानं आलं

अहो,

आज लिहायला बसले, कारण हातपाय एका जागी ठरत नाहीत. दारात जाते, परत येते. चूल पेटवली आणि तशीच विझवली. दुपारी तुमचं पार्सल दारापर्यंत येऊन माघारी गेलं.

पार्सल म्हणजे तुमचा फोटो. सगळ्या संसारात तुमचा एकच फोटो निघाला, तोही जत्रेत, सुरेशला खांद्यावर घेऊन. कितीदा म्हटलं, एकदा राजारामपुरीत फोटोवाल्याकडं जाऊन नीट काढून घेऊ. तुम्ही म्हणायचा, "मला काय बघायचंय त्यात? तू बघतीस की रोज." आता काय बघू, सांगा. तुमच्या मिशा आठवतात, कपाळावरचा वण आठवतो, पण सगळा चेहरा एकदम डोळ्यांपुढं येत नाही. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

वर्षश्राद्धाला पाटावर मांडायला म्हणून सुरेशनं तो जत्रेतला फोटो पुण्याला नेऊन मोठा करून घेतला. श्राद्ध सोमवारी. त्याला रजा आदल्या दिवसापासूनच. इथं काच बसवायला वेळ मिळावा म्हणून त्यानं फोटो आधी पोस्टानं पाठवला, जत्रेतला मूळचाही त्यातच.

आठवडाभर मी दार सोडलं नाही. आज पीठ संपलं म्हणून गिरणीत गेले आणि नेमका तेवढ्यात पोस्टमन आला. जुने असते तर शेजारी ठेवून गेले असते. हा नवा. "शंकर माने कोण?" म्हणून त्यानं हाक मारली. शेजारच्या हमीदाभाभी बांगड्या भरायचं सोडून बाहेर आल्या आणि खरं तेच बोलल्या, "ते न्हाईत आता. वरीस व्हत आलं जाऊन."

त्यानं पार्सल पुन्हा पिशवीत टाकलं. मयताच्या नावाचं देता येत नाही म्हणाला. भाभी तेव्हापासून स्वतःलाच बोलतायत, "गप बसले असते तर काय बिघडलं असतं?" त्यांना मी काय बोलू? आणि सुरेशला तरी काय बोलू? आपल्या घराचा पत्ता म्हणजे तुमचं नाव. माझ्या नावानं या दारात कधी काही आलेलंच नाही.

तशीच पिठाच्या हातांनी पोस्टात गेले. जाळीमागं पार्सल दिसत होतं, वर सुरेशचं अक्षर. वाचायला मी आपली आपणच शिकले, पुड्यांच्या कागदांवरून. तुमचं नाव मनात हजारदा वाचलंय.

"कुणाचं पार्सल?" कारकुनानं विचारलं.

"आमच्या मालकांचं."

"नाव?"

"सुरेशचे वडील."

"अवो बाई, गावात सुरेश काय एकच हाय व्हय?"

मागून एकजण म्हणाला, "बाई नाव घ्यायच्या न्हाईत, पावणं. उखाणा घालायला सांगा."

सगळी रांग हसली. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर तुमचं नाव माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलं नव्हतं. पण मागं वळले असते तर फोटो गेला असता. म्हटलं, "शंकर बापू माने."

"मग त्यांनाच पाठवा सहीला."

"ते वारले."

रांगेतलं हसू थांबलं. कारकुनानं चष्मा काढला. म्हणाला, "वैनी, माझ्या हातात काय न्हाय. पोराची तार आली, आईच्या नावानं द्या म्हणून, तर देतो. न्हायतर परवा परत जाणार."

तिथूनच तार केली. सुरेशला ती वेळेत मिळेल का? तो खोलीवर असेल का कामावर? पार्सल परत पुण्याला पोचेल तोवर तो इकडं निघालेला असेल. रस्त्यात सायकलची घंटा वाजली की मी उठते. आत्ताही उठले होते.

फोटो काढून घेतला असता एकदा, तर काय गेलं असतं तुमचं?

आला तर पाटावर मांडीन. नाही आला तर पाट रिकामा राहील, आणि मला तो बघावा लागेल. पण एक कबूल करते. भटजींनी तुमचं नाव विचारलं की पदर तोंडाला लावून पोराकडं बघणार नाही. त्याच्या आधी मीच सांगीन, भाभींच्या अंगणात ऐकू जाईल असं.

तुमची,
हौसा