सर्व्हर माझा, एरर त्यांचे

४ ऑगस्ट, सोमवार
सर्व्हर अपग्रेड केला. एकहाती. साहेब म्हणाले, हे नीट पार पडलं आणि शुक्रवारी कस्टमरला रिलीज वेळेवर गेलं तर टीम लीडर तूच. म्हणजे झालोच. सगळा कोड नव्या सर्व्हरवर कॉपी होत होता. स्क्रीनवरची पट्टी जवळजवळ टोकाला पोचलेली. राहिलेलं टोक काय बघत बसायचं? चहा घेतला. जुना सर्व्हर फॉरमॅट करून अकाउंट्सवाल्यांना देऊन टाकला. पसारा आवडत नाही आपल्याला.

५ ऑगस्ट
सकाळपासून बोंबाबोंब. कुणाचंच चेकआउट होत नाही. चेकआउट म्हणजे काय, तर सर्व्हरवरचा कोड आपल्या मशीनवर उतरवून घ्यायचा. पोरखेळ. एरर येतो, रिपॉझिटरी (कोडचं कोठार) सापडत नाही. सापडत नाही म्हणजे शोधली नाही. मला फ्रिजमधलं लोणी कधीच सापडत नाही, म्हणून लोणी नसतं का? माझ्या मशीनवर कोडचं फोल्डर झकास उघडतं.
बायको म्हणाली, तू स्वतः चेकआउट करून पाहिलंस का? घरच्यांना टेक्निकल गोष्टी समजावत बसू नये.

६ ऑगस्ट
कारण सापडलं. फोल्डर जुनं, सर्व्हर नवा. पटणार कसं? सगळ्यांना मेल टाकला: जुनं फोल्डर डिलीट करा, रिसायकल बिनही साफ करा, मग फ्रेश चेकआउट. दाढी (आमच्यातला सगळ्यात जुना प्रोग्रॅमर) म्हणाला, आधी तू कर. म्हटलं, यजमान शेवटी जेवतो. मग टेबलाटेबलापाशी जाऊन स्वतः खात्री केली.
डिलीट सगळ्यांचं यशस्वी. चेकआउट बाकी.

७ ऑगस्ट
टेस्टर बाई विचारते, मग आता कोड आहे कुठे? टोन बरा नव्हता. म्हटलं, सर्व्हरवर. तिने सर्व्हर उघडून दाखवला. आत शुकशुकाट. कॉपी शेवटपर्यंत गेली नाही तर आधीचंही राहत नाही म्हणे.
साहेबांचा फोन. बॅकअप आहे ना? आहे. माझं मशीन. मी डिलीट केलंच नव्हतं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.
माझा कोड गेल्या नोव्हेंबरचा निघाला. त्यानंतर मी कोड उतरवलाच नव्हता, मोठं चित्र बघत होतो. दाढी म्हणाला, मग इतके महिने आम्ही केलं काय? म्हटलं, अनुभव घेतला. तेव्हापासून बोलत नाही. मोठी माणसं लवकर दुखावतात.

८ ऑगस्ट, शुक्रवार
नवा शर्ट. रिलीज वेळेवर पाठवलं. नोव्हेंबरचंच.
दुपारी कस्टमरचा फोन. म्हणे, किती सुटसुटीत केलंत, मधली सगळी कटकट गेली. साहेबांनी पाठ थोपटली. टेस्टर बाई उठून बाहेर गेली. जळतात लोक. बायकोला मेसेज केला, लीडर झालो. तिने विचारलं, लेटर मिळालं का? कागदावर एवढा विश्वास बरा नव्हे.

११ ऑगस्ट, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, कस्टमर खूश आहे, आता नवीन काही नकोच म्हणतोय. मग टीम कशाला? सगळ्यांना दुसऱ्या प्रोजेक्टवर पाठवलं, वरच्या मजल्यावर. टीम नाही म्हटल्यावर लीडरचाही प्रश्न मिटला.
माझं काय, विचारलं. म्हणाले, कोड तेवढ्या एकाच मशीनवर आहे, ते सांभाळायला माणूस हवाच. जेवायला जाताना कुणाला तरी तिथे बसवून जात जा.
बाहेर आलो. हॉलमध्ये कुणीच नव्हतं.
डबा जागेवरच खाल्ला.