चष्म्याची डबी आणि बारा चिलखती गाड्या

चि. ढब्बूस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठणठणीत. तुझ्या बाबांचा खोकला आणि तुझ्या आईचा राग, दोन्ही आपापल्या वेळेला येतात आणि जातात. तू कसा आहेस? कान बांधतोस ना? तुम्हा शिपायांना छाती पुढे काढायला शिकवतात, कान झाकायला कुणी शिकवत नाही, म्हणून विचारलं. या पत्रातल्या ओळी चढणीला लागल्यासारख्या दिसतील, पण अक्षराला नावं ठेवू नकोस. माझ्या डोळ्यांवर शेजारच्या शिंपीणकाकूंचा चष्मा आहे आणि तो त्यांच्याच नाकाला सवयीचा आहे. (काकू समोर डोळे मिचकावत बसल्यात आणि सारख्या "झालं का?" विचारतायत. नाही झालं.)

तर बाळा, मी इतकी खूश आहे की सकाळपासून दोनदा चहा उतू घालवला. पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू म्हणशील आजी शेपटाकडून बैल दाखवते.

तुझं मागचं पत्र आलं ना, त्यात तू लिहिलं होतंस की तुमच्या गाडीला ब्रेक आहे, पण लागला की नाही ते उतार संपल्यावर कळतं, आणि तुझा जोडीदार चाकाखाली घालायला दगड घेऊन गाडीबरोबर पळतो. घरात सगळे खो खो हसले. तुझ्या आईने ते तुझ्या आत्याला फोनवर वाचून दाखवलं. मीही हसले, आणि मग आत जाऊन घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसले.

त्याच सुमारास आपल्या शाळेमागच्या मैदानावर सैन्याचं प्रदर्शन भरलं. मधोमध एक नवी कोरी चिलखती गाडी, वर दोऱ्या, पताका, आणि मंत्रीसाहेबांचं भाषण. अशा बारा गाड्या घेतल्या, प्रत्येक डोंगरी चौकीला एक पोचली, जनतेचा पैसा सत्कारणी लागला. टाळ्या झाल्या. मी मात्र मनात म्हटलं, पोचली म्हणता, मग आमच्या ढब्बूचा जोडीदार दगड घेऊन कशाला पळतोय? पण एवढ्या मोठ्या माणसाला भाषणात कोण अडवणार! म्हातारीकोतारी वर चढून बघत होती, मीही चढले. म्हटलं, तू जिथे बसतोस तिथून जग कसं दिसतं ते बघू. (काही दिसत नाही. एवढीशी फट. मान आखडत असेल तुझी.)

आता माझी खोड तुला ठाऊक आहे. बस असो, दवाखाना असो, नाटक असो, बूड टेकलं की हातातली वस्तू आपसूक सीटखाली जाते. म्हणून तर आपल्या घरातला माणूस कुठूनही उठताना आधी वाकतो. तुझे बाबा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हाही उठताना खुर्चीखाली वाकले, साहेबांना वाटलं पाया पडतोय, नोकरी लागली. पण त्या दिवशी माझ्यामागे वाकायला घरचं कुणीच नव्हतं. चष्म्याची डबी राहिली गाडीत. घरी येऊन चहात मीठ घातलं तेव्हा कळलं.

मग महिन्याभराने आत्याकडे गेले, तिचा गुडघा बघायला. (गुडघा बरा आहे, स्वभाव तसाच आहे.) तर तिच्या गावातही तेच प्रदर्शन! मंत्रीसाहेब तेच, भाषण तेच, फक्त गाडीवरचा आकडा निराळा. ही बारापैकी दुसरी, असं सांगत होते. गाडी जागेवर आणायला सात-आठ जवान ढकलत होते. मी विचारलं, "अरे, चालवत का नाही?" तर एक घामाघूम पोरगा हळूच म्हणाला, "आजी, आत इंजिन असेल तर चालवू ना! ते पुढच्या खेपेला येणार आहे."

मी पुन्हा चढले. बसले. सवयीने हात सीटखाली गेला, आणि हाताला काय लागावं? माझी डबी!

ढब्बू, मला किती आनंद झाला! नेमका त्याच वेळी एकाने माझ्या तोंडासमोर माईक धरला होता, "आजी, कसं वाटतंय?" म्हणून. मी ओरडले, "अहो, माझा चष्मा सापडला! आमच्या गावातल्या तुमच्या त्या पहिल्या गाडीत राहिला होता!" भोंग्यांतून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. मग पुढच्या रांगेतल्या विरोधी पक्षाच्या बाई अशा हसायला लागल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मंत्रीसाहेब म्हणाले, सैन्यात हरवलेल्या वस्तू फार तत्परतेने पुढे पाठवतात. मी म्हटलं, "ते चांगलंच आहे हो, पण नेमकी सीटखालीच कशी ठेवली?"

त्यांना जायची घाई झाली.

त्या बाईंनी प्रकरण सोडलं नाही. मला थेट खर्चाचा जाब विचारणाऱ्या समितीपुढे बोलावणं! मोठी खोली, लांब टेबल, आणि मला दिली चाकांची खुर्ची. बसले तशी भिंतीपर्यंत मागे गेले. तुझीच आठवण झाली. खात्याचे एक अधिकारी म्हणाले, अशा डब्या बाजारात शेकड्याने मिळतात. मी डबी उघडून दाखवली. चष्म्याची काडी मी निळ्या दोऱ्याने बांधलीय ना, आणि अंगात त्याच दोऱ्याने शिवलेलं निळं पोलकं होतं. (पुरावा म्हणून नव्हे, दुसरं वाळलं नव्हतं.) मग अधिकारी म्हणाले, बारा गाड्यांचे पैसे दिलेले आहेत, आलेली एक आहे, आणि ती "प्रातिनिधिक" आहे. अध्यक्षांनी विचारलं, "आणि तिचं इंजिन?" तर म्हणाले, "मार्गस्थ आहे." आणि घटाघटा पाणी प्यायले.

मग अध्यक्षांनी मला विचारलं, काही सांगायचंय का. माझी जीभ एरवी कशी चालते तुला माहीत आहे, पण तेव्हा एवढंच सुचलं, "साहेब, माझा नातू त्या उतारावर आहे. बारांचं तुम्ही बघा. मला एकच द्या, पण ब्रेक लागणारी." कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि त्या अधिकाऱ्याला सांगितलं, महिन्याभरात पहिली गाडी या पोराच्या चौकीवर गेली पाहिजे, नाहीतर सगळ्यांसमोर उभं राहून उत्तर द्यायचं. मी उठले तर पिशवी खुर्चीखालीच राहिली, आणि अध्यक्ष स्वतः वाकले रे! घरचंच माणूस वाटलं.

तर आता तुला गाडी येणार! शिंपीणकाकूंना चष्मा द्यायला हवा, त्या भिंतीवरचं घड्याळ नाकाने वाचतायत. जोडीदाराला आशीर्वाद सांग. दगड इतक्यात टाकू नका म्हणावं.

तुझी,
आजी

ता. क. – मी समितीपुढे गेले होते हे आईला माहीत नाही. तिला वाटतं मी आत्याच्या गुडघ्यासाठी राहिले. आत्याला मी फितवलंय.

ता. क. दुसरा – आता खरं काम. समितीनंतर फोटो काढायला म्हणून मला पुन्हा त्या प्रदर्शनातल्या गाडीत बसवलं. तेव्हा मी डबी चष्म्यासकट सीटखाली पार आत सरकवून आले. या वेळी विसरले नाही, मुद्दाम ठेवली. आकडा काय, रंगाचा एक हात मारला की बदलतो. तेव्हा गाडी आली की चावी लावायच्या आधी सीटखाली हात घाल. डबी लागली, तर त्या गाडीत बसायचं नाही, तुझा साहेब काहीही म्हणो. आतल्या पेपरमिंटच्या गोळ्या दोघांनी खा आणि मला कळव. समितीची वाट मला आता पाठ आहे, दारावरचा शिपाई चहा विचारतो.

आणि नाही लागली, तर तसंही कळव. आजोबांनी घेऊन दिलेला चष्मा होता, पण तो गेला तर जाऊ दे. मी काकूंच्या चष्म्यातून तुझी पत्रं वाचीन. त्यांना सांगितलेलं नाही अजून.