टीपकागद

रविवार, ५ ऑक्टोबर १९८६
आले एकदाची कांदिवलीला! नणंदेने, उर्सुलाने, दारातच मिठी मारली आणि वर चिडवलं, की अंधेरीची मड्डम आली गं शेवटी गावठाणात! डेनिसची लहानपणची खोली मला दिली आहे. लाकडी पलंग, खिडकीबाहेर जांबाचं झाड, भिंतीवर त्याचा पहिल्या कम्युनियनचा फोटो. कान केवढे मोठे होते बिचाऱ्याचे! शाळेत मदर आम्हाला रोज चार ओळी लिहायला लावायच्या, शाईचं पेन आणि शेजारी टीपकागद. ती सवय पुन्हा लावून घेते. डेनिसला जाऊन चार महिने झाले. इथे बरं वाटेल.

८ ऑक्टोबर
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी डोळ्यांतलं पाणी मोजायला पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांनी काढली, तर कोरडी. मग झोप लागते का, जेवण जातं का, हेच विचारत बसले. मन फार खचलं की पुष्कळांचे डोळेही असे सुकतात, म्हणाले. का, ते अजून नीट ठाऊक नाही. डोळ्यांत घालायचं औषध दिलं, आणि मनाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी. उर्सुला हसली. वेड्यांचा डॉक्टर कशाला, म्हणे, एकदा पोटभर रड ना बाय!
रडायचंच तर आहे. डेनिसला पुरल्यापासून एक आसू नाही.

१४ ऑक्टोबर
टीपकागदाच्या पट्ट्या कापून दुपारी डोळ्यांना लावते. त्याची पत्रं वाचली. निळा शर्ट हुंगला. पट्ट्या कोरड्या. तीस वर्षांच्या संसाराला एक थेंबसुद्धा नाही?

१९ ऑक्टोबर
दुपारी पडले होते. उठले तर गाल ओले! आनंदाने धावत आरशापाशी गेले, पट्टी लावली. कोरडी. गालावरचं पाणी जिभेला लावलं. खारट. पाऊस नाही, कौलंही गळत नाहीत.

२४ ऑक्टोबर
उर्सुलाला सांगितलं. ती हातातलं काम टाकून जवळ आली. मग विचारलं, डेनिसच्या शवपेटीवर वाकले होते तेव्हा आसू पडला होता का. पडला होता, त्याच्या मिटलेल्या पापणीवर. मी पुसला नाही. माझं काहीतरी बरोबर नेऊ दे, असं वाटलं. उर्सुलाने कपाळाला हात लावला. मेलेल्यावर पडलेला आसू लगेच पुसायचा असतो, एवढंही मदरनी शिकवलं नाही का? नाहीतर त्याचा पाय इथेच अडकतो, आणि तो आपल्या माणसाचं सगळं पाणी ओढून घेतो.

२८ ऑक्टोबर
रोज तीन वाजता. थेंब नेमका पापणीवर. गार. मी पुसत नाही.
पण आसू मेलेल्यावर पडतो ना? मग मी— मनगटाची नाडी पाहिली. लागली नाही. बोटं बधिर असतील. परवापासून भूक नाही. त्याचेही डोळे शेवटी असेच कोरडे—

३० ऑक्टोबर
डॉक्टरांची चिठ्ठी सापडत नाही. उर्सुलाला हाक मारली, मला घेऊन चल म्हणून. तिने वळून पाहिलं नाही. की मी हाक मारलीच नाही—

२ नोव्हेंबर. मेलेल्यांचा दिवस.
उर्सुला मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेली. जाताना दारातून ओरडली, आज थेंब पडला तर पूस गं मेबल, सोड माझ्या भावाला.
तीन वाजले.
कागदावर पडला. ‘भावाला’ची शाई पसरली. माझे डोळे— पट्टी लावली— कोरडे. जळतायत.
टीपकागद हातात आहे. टिपला तर तो सुटेल. मग मी एकटी. नाही टिपला तर—
दुसरा. हातावर. वर अजून पाहिलं नाही.
फार जळतंय, देवा. नुसती मान वर केली, डोळे उघडे ठेवले, तर एकच थेंब माझ्या