सिंथला गंधकाचा वास

४ फेब्रु., सातारा
दादा तासगावहून सिंथ घेऊन आला. आमच्या ऑर्केस्ट्रातला सिंथेसायझर, माझा. लग्नानंतर माहेरीच राहिलेला. यात्रेत जुनी मंडळी परत कार्यक्रम करणारेत. "दुरुस्त कर शुभे, तूच वाजवायचा. दुसऱ्याला हात लावू देत न्हाई." रडूच आलं. दुरुस्तीच्या दुकानात रोज लोकांचे अ‍ॅम्प्लिफायर खोलते, पण याचे स्क्रू मोजून वाटीत ठेवले.

६ फेब्रु.
लावला. नुसती घरघर. पॉवर सप्लायचे कपॅसिटर गेलेत. बदलले, घरघर थांबली. पण निम्म्या पट्ट्या मुक्या.
हे म्हणाले, "आज जेवण मिळणार का?" म्हटलं, फौजेत होतात तेव्हा काय उपाशी राहायचात? लावा की कुकर.

९ फेब्रु.
पट्ट्यांखालचे चांदीचे कॉन्टॅक्ट काळेकुट्ट. दमट हवेनं गंज धरतो, तांबं हिरवं पडतं. हे तसलं नाही. आणि आतून कसला तरी वास. ओळखीचा, पण आठवेना. उगाच चिडचिड.

१० फेब्रु.
गंधक! बेदाण्याला रंग यावा म्हणून शेडमध्ये धुरी देतात, त्याचा वास. चांदी काळी पडते ती त्यानंच. तासगावची पोर मी, आणि हे ओळखायला एवढा वेळ!
दादाला फोन. सिंथ कुठं ठेवायचास?
"कुठं म्हंजे? तुज्या खोलीत. दर भाऊबीजेला बघत न्हाईस व्हय?"
बघते की. टेबलावर, चादरीखाली. शेजारी बसून चहा पिते. चादर मात्र कधी उचललीच…

१३ फेब्रु.
वहिनीला सरळच विचारलं. म्हणाली, "आवं वन्सं, ते तर तुमी सासरला गेल्यावर लगीच शेडमधी टाकलं. चादरीखाली द्राक्षाचं रिकामं बॉक्स असायचं. आमचं ह्येच रचायचं सोता. तुमाला वाईट वाटू नये म्हणून."
वाईट वाटू नये म्हणून!! म्हणजे दर भाऊबीजेला सकाळी उठून बॉक्स रचायचे, वर चादर घालायची, आणि मग ओवाळून घ्यायला पाटावर बसायचं. शाबास दादा. आणि मी बावळट, निघताना त्या चादरीवरून हात फिरवायची.

१६ फेब्रु.
काम बंद ठेवलंय. हे म्हणाले, "भावावरचा राग त्या यंत्रावर कशाला?" बरोबर बोलले, म्हणून जास्तच राग आला. दुपारी बसले परत. एकेक कॉन्टॅक्ट पुसत.

२१ फेब्रु.
सगळ्या पट्ट्या बोलल्या. यंत्र तापेपर्यंत सूर सरकतो, पण तो आधीपासूनच तसला. जुळवला. वाजवला. बोटं विसरली नाहीत! लय बरं वाटलं. आणि पहिल्यांदा मनात काय आलं, तर दादाला ऐकवावं. स्वतःचाच संताप आला.

२३ फेब्रु.
दादा आला होता. वाजवून दाखवला नाही. म्हटलं, चादरीखाली बॉक्स होते ना? वाटलं, आता तरी चुकलो म्हणेल.
"तू परत वाजवशील आसं वाटलंच न्हवतं गं. संसाराला लागलेली बाई, कवा वाजवणार?"
म्हणजे जागेची अडचण नव्हती, काही नव्हतं. मला निकालात काढलं होतं. आणि वर दर वर्षी तोंडदेखलं, "तुजा हाय, कवाबी ने."
मग आता का आणलास?
"मंडळी म्हणाली, शुभा पायजे."
मंडळी म्हणाली. हा नाही.
जेवायला थांब म्हटलं नाही. पहिल्यांदाच.

२६ फेब्रु.
आज कार्यक्रम. दादा गाडी घेऊन आलाय, बाहेर बसलाय. हे त्याच्याशी पावसापाण्याचं बोलतायत. मी आत.
मघाशी दादा लोटलेल्या दाराशी येऊन बाहेरूनच म्हणाला, "तुजं मन नसंल तर ऱ्हाऊ दे. सिंथ तेवढा दे. वाजवायला बघू कुणीतरी."
कुणीतरी.
सकाळपासून साडी नेसून, वेणी घालून तयार बसलेय मी. त्यानं दार ढकलून बघितलंसुद्धा नाही.